दुर्बीणसाहेबांचा ट्रकतळ

दुर्बीणसाहेब माणसाकडे दोन्ही डोळ्यांनी कधी बघतच नसत. डावा मिटायचा, उजवा बारीक करायचा आणि असं रोखून बघायचं की समोरच्याला वाटावं, आपण माणूस नसून बांधावरचा दगड आहोत, आणि तोही चुकीच्या जागी रोवलेला. चौतीस वर्षं मोजणी खात्यात गेली. तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीच्या दिवशी दुर्बीण खात्यात जमा झाली, पण मिटलेला डोळा काही उघडला नाही. गावाने मग माणसालाच दुर्बीण म्हणायला सुरुवात केली. समोर असले की मागे 'साहेब' जोडायचे. पाठ वळली की साहेब गळून पडायचा.

त्यांचा मंत्र एकच. मोजल्याशिवाय बोलू नये. ऐकायला झकास आहे, पण या मंत्राचा उपयोग ते फक्त दुसऱ्याचं तोंड बंद करायला करत. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की हे विचारणार, "किती?" कुणी म्हणालं, आमचं पोरगं हुशार आहे हो, की हे, "कशावरून?" घरात नवा फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा तीन दिवस टेप घेऊन स्वयंपाकघरात रांगत होते. फ्रिज आला आणि कोपऱ्यात असा चपखल बसला की सुताराने हात जोडावेत. फक्त त्याचं दार उघडेना, कारण शेजारची भिंत आडवी येत होती. "मोजताना तो बंद होता," एवढंच साहेब म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची बायको शेजारणींना सांगायला लागली, "आमच्या ह्यांच्या मोजण्यात चूक नसते हो. चूक असते ती जगाची."

अशा माणसाच्या जमिनीला रस्ता भिडला म्हणजे काय होणार!

जमीन तीन एकर, वडिलांच्या मागे दोघांच्या नावावर आलेली. दुर्बीणसाहेब आणि त्यांची थोरली बहीण. इतकी वर्षं समोरून जेमतेम दोन बैलगाड्या जातील असा रस्ता होता. मग शहर हातपाय पसरत पसरत जवळ आलं आणि बघता बघता तो चौपदरी झाला. पलीकडे बंगल्यांची वसाहत उठली, बंगल्यांमागे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड उठल्या, आणि गावातल्या ज्या ज्या माणसाची काडीइतकी जमीन रस्त्याला लागून होती तो रात्रीत व्यापारी झाला. सगळीकडे एकच चर्चा. जागेत काय काढायचं?

सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. जमिनींचा एक दलाल होता, त्याला सगळे 'मधाचं बोट' म्हणत, तो आला आणि म्हणाला, "साहेब, गोदाम बांधून टाका. माल त्यांचा, भाडं आपलं, आपण नुसतं बसायचं."

"गोदाम? उंदरांना फुकट राहायला जागा हवी म्हणून मी भिंती बांधू? तू किती गोदामं मोजलीस इथे? रिकामी किती, भरलेली किती?"

मधाचं बोट चाटत निघून गेला. मग न्हावी. दाढी करता करता म्हणाला, पेट्रोल पंप काढा. साहेबांनी फेसातूनच फटकारलं, "अरे, तीन कोसांत दोन पंप आहेत. तिसरा काय, सायकलींत हवा भरायला?" मग चुलतभाऊ. त्याने आधीच एक लग्नाचा हॉल बांधून ठेवला होता आणि साहेबांनी शेजारी दुसरा बांधावा अशी त्याची इच्छा होती, म्हणजे निदान दुःख तरी वाटून घेता आलं असतं. "तुझ्या हॉलमध्ये गेल्या वर्षी लग्नं किती लागली?" साहेबांनी विचारलं. "सात," चुलतभाऊ म्हणाला. "आणि त्या सातांतली तुझ्या घरची किती?" चुलतभावाने चहासुद्धा घेतला नाही.

खोटं कशाला बोला, त्या दिवसांत त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. गाव गुडघ्याला बाशिंग बांधून बसलं होतं. शेजाऱ्याने जे काढलं तेच आपण काढायचं, त्याचं बसलं की आपलंही बसणार, एवढीच सगळ्यांची अक्कल. पण दुसऱ्याचं नाक शेंबडं आहे हे दिसलं म्हणून आपलं स्वच्छ होत नाही. हे साहेबांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "किती शेंबडं?"

आता बहिणीचं सांगायला हवं. ती यांच्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर वीस वर्षांपूर्वी माहेरी आली ती कुणाच्या पदराला धरून नव्हे; पहिल्याच आठवड्यात मागच्या बाजूला विहिरीपाशी चार बांबू रोवून तिने हिरवी जाळी ताणली आणि खाली रोपं करायला घेतली. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक बी. बोटांच्या चिरांत काळी माती कायमची मुरलेली. आसपासचे शेतकरी तिच्याकडूनच रोपं नेत, कारण तिची रोपं मरत नसत, आणि मेलीच तर ती दुसरी देताना वाद घालत नसे. रस्ता झाल्यावर बंगलेवालेही यायला लागले. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, शेतातून चालत मागे यायचं आणि कुंडीत लावायला दहा रोपं न्यायची.

या धंद्याला साहेब 'ताईची बाहुली-बाहुली' म्हणत. एवढ्या मोलाच्या जागेत रोपांचे ट्रे मांडणं म्हणजे त्यांच्या लेखी दिवाणखान्यात भांडी घासणं.

एक दिवस ते जाळीखाली गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ताई, जागा बिगरशेती करायची म्हणतोय. तुझी सही लागेल."

"कशासाठी करायची?"

"ते अजून ठरायचंय. मोजणी करून ठरवणार."

"आणि माझी रोपं?"

"अगं, रोपं काय, कुठेही उगवतात!"

बहिणीने हातातला ट्रे खाली ठेवला. "रोपं कुठेही उगवतात, धाकट्या, पण पाणी कुठेही लागत नाही. तू मोज. मोजून झालं की मला समजेल असं सांग. पटलं तर सही करीन, नाही पटलं तर नाही. मात्र विहीर आणि ही जाळी जाणार असेल तर आधी मला सांगायचं, कागदावर नंतर."

हे एवढंच तिचं मागणं. विहिरीजवळची ती अर्ध्या गुंठ्याची सावली, आणि तिथवर येणारी माणसं. त्याच्यावर तिची चूल चालत होती आणि भावाकडे हात न पसरता म्हातारपण निघणार होतं. साहेबांच्या मोजणीत हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. रस्त्याने काय जातं, किती जातं, आणि मुख्य म्हणजे आपल्या जागेसमोर काय थांबतं, ते मोजायचं. जे थांबतं त्याचा धंदा काढायचा. कल्पना वाईट नव्हती. वाईट होता तो थाट. रस्त्याच्या कडेला घडीचं टेबल मांडलं. उन्हासाठी भली मोठी काळी छत्री लोखंडी पायावर बसवली. डोक्यावर खात्याची जुनी खाकी टोपी, पितळी बिल्ल्यासकट, कारण दुसऱ्या कुठल्या टोपीने डोळ्यांवर एवढी सावली येत नव्हती. अंगात भगभगीत नारिंगी जाकीट, कारण रस्त्याकडेला बसायचं तर वाहनवाल्यांना माणूस दिसायला हवा. शेजारी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजणीची काठी रोवलेली, कारण अंतर कळायला खूण हवी. आणि समोर लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. एकेका गोष्टीचं कारण विचाराल तर बिनतोड होतं. सगळं मिळून काय दिसतंय, हे मात्र त्यांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन एकदाही पाहिलं नाही.

रकाने तीन. गेले, हळू झाले, थांबले.

पहिल्या आठवड्यात गाड्या गेल्या, मोटारसायकली गेल्या, बसगाड्या गेल्या. पण ट्रक! ट्रक दिसायचे तेच हळू होताना. नऊ ट्रक चक्क थांबले. दुसऱ्या आठवड्यात सतरा. तिसऱ्यात एकतीस. ट्रकवाला खाली उतरायचा, ताडपत्री ओढून घ्यायचा, दोर आवळायचा, टायरांवरून हात फिरवायचा, साहेबांकडे बघून सलाम करायचा आणि हळूच निघून जायचा. काही तर दोनशे मीटर अलीकडेच उभे राहत आणि वाळू फावड्याने इकडची तिकडे करत बसत.

साहेबांनी रात्रंदिवस डोकं खाजवून यावर सिद्धान्त काढला. वसाहतीपासून इथवर किंचित चढ आहे. चढ संपला की इंजिनाला दम लागतो, ड्रायव्हरचेही पाय अवघडतात, आणि निसर्गतःच ट्रक इथे थांबतो. त्यांनी चढ मोजला. चढ होता. आणखी काय पुरावा हवा?

एकदा एक ड्रायव्हर ट्रक बाजूला घेऊन प्लास्टिकच्या पिशवीतली सगळी कागदपत्रं घेऊन टेबलापाशी आला आणि अदबीने उभा राहिला. "बघून घ्या, साहेब."

साहेबांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी स्वतःहून कागद दाखवत होतं. त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला, एक डोळा मिटून ड्रायव्हरकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्यवस्थित ठेवलेत. शाबास!"

ड्रायव्हर इतका खूश झाला की ट्रकमधून एक पिकलेली पपई काढून टेबलावर ठेवून गेला.

घरी बायकोने विचारलं, "ही कुठून आणलीत?"

"ट्रकवाल्याने दिली."

"का?"

"का म्हणजे? माणुसकी! ट्रकवाले म्हणजे फार दिलदार जात."

"अहो, चाळीस वर्षांत तुम्हाला कुणी माणुसकीने लिंबू दिलं नाही, आणि हा अनोळखी माणूस पपई देतो? त्याला काय वाटलं असेल, विचार करा ना."

"तू किती ट्रकवाल्यांना भेटलीस?" साहेबांनी विचारलं आणि पपई कापली.

सगळ्या गावाच्या लक्षात आलं होतं. शाळेतल्या पोरांना कळलं होतं, न्हाव्याला कळलं होतं, चुलतभाऊ तर मुद्दाम रोज सकाळी रस्त्यापलीकडे उभा राहून मजा बघून जायचा. सांगितलं कुणीच नाही. ज्याचा ज्याचा पाणउतारा झाला होता, त्या प्रत्येकाने जीभ दातांखाली धरून ठेवली. गावाची एकी बघायची असेल तर कुणाची तरी फजिती जवळ यावी लागते.

सांगायचा प्रयत्न केला तो बहिणीनेच. बिगरशेतीचा अर्ज आणायला साहेबांना एक दिवस शहरात जायचं होतं. मोजणीत खंड पडला तर तीन महिन्यांची मेहनत वाया. बायको म्हणाली, "उन्हात बसायला मी काय बुजगावणं आहे?" तेव्हा बहीण म्हणाली, "जा तू. मी बसते."

साहेबांनी दोन पानांच्या सूचना लिहून दिल्या. बहीण बसली. टोपी तिला मोठी झाली म्हणून तिने ती टेबलावर उलटी ठेवली आणि तिच्यात खायला आणलेल्या शेंगा ओतल्या. जाकिटात घाम येत होता म्हणून ते खुर्चीच्या पाठीला टाकून त्यावर टेकून बसली. वारा सुटल्यावर छत्री मिटली. संध्याकाळी साहेबांनी रजिस्टर उघडलं तर तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं होतं: ट्रक गेले दोनशे बारा. हळू झाले तीन, म्हशी आडव्या आल्या म्हणून. थांबला एक, पंक्चर. आणि त्याखाली रकाना सोडून: मोटारी थांबल्या अकरा. रोपांसाठी.

"हे काय केलंस?"

"जे दिसलं ते लिहिलं."

"अगं, काल एका दिवसात सहा ट्रक थांबलेत!"

"काल तू बसला होतास. धाकट्या, ते जागेसाठी थांबत नाहीत रे. तुला घाबरून थांबतात. हा बिल्ला, ही काठी, हे रजिस्टर. त्यांना वाटतं वजन तपासायला कुणी सरकारी माणूस बसलाय."

"मला घाबरून?" साहेब हसले. "मला कोण घाबरणार?"

"ते मात्र खरं," आतून बायको म्हणाली.

साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली, बहिणीच्या पानावर तिरकी रेघ मारली आणि कडेला शेरा लिहिला: 'मोजणारा बदलल्याने मोजणी बदलली. पान रद्द.' आपण आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य लिहिलं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग त्यांनी निकाल जाहीर केला. जागेत ट्रकतळ होणार. चाळीस ट्रक उभे राहतील असं सिमेंटचं आवार, वजनकाटा, ड्रायव्हरांना आंघोळीच्या खोल्या, खाणावळ.

"मला नाही पटलं," बहीण म्हणाली. "मी सही करणार नाही."

"मग वाटणी कर."

बायको चपापली. बहिणीने मात्र पदराला हात पुसले. "करू. पण आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय तशी. एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. तू मोजणीदार, तू पाड. मी उचलते."

आता हा नियम असा आहे की लबाडी करणाऱ्याचाच हात भाजावा. पण साहेबांनी त्यातूनही वाट काढली. दोन रात्री नकाशा घेऊन बसले. ट्रकला वळायला रुंदी हवी, म्हणजे रस्त्याचा दर्शनी भाग सगळाच्या सगळा आपल्याकडे यायला हवा. सरळ मागितला तर मिळणार नाही. म्हणून त्यांनी एका वाट्यात रस्त्याकडची अख्खी बाजू टाकली आणि दुसऱ्यात मागची जमीन, विहीर, जाळी आणि रस्त्यापर्यंत यायला दहा फुटांची बोळवजा वाट. ताई विहीर सोडायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर मागचा वाटा सहा गुंठे मोठा ठेवला, कारण चोरी केली तरी ती मापात असावी, असा त्यांचा स्वभाव.

बहिणीने नकाशाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "दहाच फूट?"

"एक गाडी आरामात जाते. मोजलंय."

"आणि समोरून दुसरी आली तर?"

साहेब नकाशाच्या सुरकुत्या सरळ करायला लागले. बहिणीने त्या बोळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मागचा माझा," आणि सही केली.

त्या संध्याकाळी साहेब इतके खुशीत होते की त्यांनी बायकोला विचारलंसुद्धा, "काय, कशी केली वाटणी?"

"छान केलीत," बायको म्हणाली. "सख्ख्या बहिणीला तिच्याच घरच्या बोळात बसवलंत. शाबासकी कुणाकडून हवी आहे, माझ्याकडून?"

बांधकाम आठ महिने चाललं. निवृत्तीची सगळी पुंजी त्यात गेली. रस्त्याच्या कडेने आणि मागे ताईच्या हद्दीवरही पुरुषभर उंचीची भिंत उठली, मध्ये हत्ती जाईल असं लोखंडी फाटक लागलं. सिमेंटची धूळ उडून हिरव्या जाळीवर बसायची आणि रोपं राखाडी व्हायची. बहीण रोज सकाळी फवारणीच्या पंपाने पानं धुवायची. भिंत झाल्यावर मोटारी थांबायला कडा उरली नाही. बोळात एक गाडी शिरली की मागची दोन हॉर्न वाजवत परत जायची. मग ती बाई ट्रे डोक्यावर घेऊन स्वतः रस्त्यापर्यंत येऊन उभी राहायला लागली. साहेब फाटकातून हे बघायचे. मदतीला कुणी धावलं नाही. हे तर नाहीच.

उद्घाटनाचा गाजावाजा नव्हता. फाटक उघडलं, वजनकाट्याच्या खोलीत पंखा लावून साहेब बसले आणि वाट बघायला लागले. टोपी नव्हती, जाकीट नव्हतं, छत्री नव्हती. आता ते मालक होते, त्यांना उन्हात बसायचं कारण काय!

ट्रक आले. भरधाव आले, भरधाव गेले. एकाने तर फाटकासमोरून जाताना आनंदाने हॉर्न वाजवला.

पहिले तीन दिवस त्यांनी लोकांना अजून माहीत नाही म्हणून सोडून दिले. आठव्या दिवशी चढ पुन्हा मोजला. चढ होता. पंधराव्या दिवशी खाणावळीचा आचारी दुसरीकडे कामाला लागला. विसाव्या दिवशी साहेब चालत पुढच्या वळणावरच्या चहाच्या टपरीवर गेले, कारण सगळे ट्रक तिथे, उघड्या मातीत, चिखलात उभे होते.

बाकावर बसलेला एक ड्रायव्हर त्यांना बघून ताडकन उठला. पपईवाला तो हाच.

"साहेब! तुम्ही? हल्ली ड्यूटी कुठे?"

"कसली ड्यूटी?"

"अहो, पूर्वी बसायचा ना तिथे, छत्रीखाली. आम्ही म्हटलं बदली झाली वाटतं." तो बाकीच्यांकडे वळला. "अरे, हेच ते. काय दरारा होता यांचा! फाट्यापासूनच फोन सुरू व्हायचे. साहेब बसलेत, ताडपत्री ओढा, वाळू सारखी करा. एक डोळा मिटून बघायचे ना, वाटायचं ट्रकचं वजन नुसत्या नजरेनेच करतायत!"

सगळे हसले. चहावाल्याने न सांगता ग्लास पुढे केला.

"पण जागा..." साहेबांनी विचारलं. "जागा कशी वाटायची तिथली? थांबायला?"

"जागा?" ड्रायव्हर खरंच आठवायचा प्रयत्न करायला लागला. "जागेकडे कोण बघतंय, साहेब? तुम्हालाच बघायचो आम्ही. कधी एकदा निघतोय असं व्हायचं."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. परत येताना वाटेत न्हावी भेटला, त्याने नमस्कार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी त्याला काहीही न विचारता नमस्कार परत केला. न्हाव्याने ही बातमी दुकानात दोन दिवस पुरवली.

चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. गावाला एव्हाना सगळं कळलं होतं. चुलतभाऊ समाचाराला म्हणून आला आणि चक्क दोन कप चहा पिऊन गेला.

पाचव्या दिवशी बहीण आली. पायरीवर बसली, घाम पुसला. ट्रक, भिंत, टपरी, काही नाही. म्हणाली, "काल एक बाई रस्त्यावर उभी राहून रोपं घेत होती. मागून टेम्पो आला. हातभर अंतराने वाचली. धाकट्या, तुझ्या आवारात दोन गाड्या उभ्या राहू देशील का? दोनच. फाटकाच्या आत, कडेला. तिथून मागच्या भिंतीला एक दार पाडलं की माणसं मागे माझ्याकडे येतील."

साहेबांचा डोळा आपोआप मिटला. "विचार करावा लागेल. ते आवार ट्रकच्या हिशोबाने आखलंय. मोटारींसाठी वेगळी आखणी लागते."

"आख की मग. कुणी अडवलंय? पण तोवर गाड्या आत घेऊ दे, नाहीतर एक दिवस माणूस मरायचं."

साहेब टेप शोधायला उठले. बायको मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली, खुंटीवरची फाटकाची किल्ली काढली आणि नणंदेच्या हातात ठेवली. "वन्सं, तुम्ही जा. हे मोजून झाले की येतील."

भिंतीत दार पडलं. रविवारी चाळीस ट्रकांच्या आवारात चौदा मोटारी आल्या. साहेब खोलीच्या खिडकीतून बघत होते. काय ती माणसं! एवढी मोठी गाडी, आत चौघं, आणि खरेदी काय, तर मिरचीची आठ रोपं. त्यातही गाडी कुणाला सरळ लावता येत नव्हती. एकाने लावली ती अशी तिरकी की तीन गाड्यांची जागा खाल्ली. साहेबांनी पंधरा मिनिटं सोसलं. मग चुन्याची पिशवी आणि दोरी घेऊन ते बाहेर आले आणि भर उन्हात ओणवे होऊन पट्टे आखायला लागले. एका पट्ट्याची रुंदी अडीच मीटर. एक बोटही इकडेतिकडे नाही.

तिरक्या गाडीचा मालक रोपं घेऊन परत आला तेव्हा साहेबांनी त्याला असं झापलं की त्याच्या हातातला ट्रे हिंदकळला. तो माणूस दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे वळून म्हणाला, "हा कोण म्हातारा, बाई? तुमचा नोकर आहे का?"

आवारात चांगली दहा-बारा माणसं होती. न्हावी होता, चुलतभाऊही होता. तो रोपं घ्यायला आलेला नव्हता. सगळे कान टवकारून उभे राहिले. बहिणीला काहीही म्हणता आलं असतं. कुणी तिला दोष दिला नसता.

"माझा धाकटा भाऊ आहे," ती म्हणाली. "जागा त्याची आहे. त्याने दिली म्हणून तुम्ही आत आलात."

साहेबांनी ऐकलं. चुन्याची पिशवी हातात धरून ते उठले, गुडघे झटकले आणि फाटकातून नुकत्याच आत शिरलेल्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"अहो, पट्टा दिसतोय ना? मग दोन्ही डोळे उघडे ठेवून लावा की!"